रुळांवर बांधलेली भिंत

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

आधी तोंड गोड कर आणि मगच पुढचं वाच. आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात यंदा तुमचा कपबशांचा उद्योग पहिला आलाय! सिमेंट, कागद, काच, पोलाद, कापड, सगळ्यांना मागे टाकून. माल तेवढाच काढायचा आणि त्यासाठी इंधन किती कमी जाळलं ते मोजायचं, असा आमचा सगळा खटाटोप असतो, हे तुला माहीतच आहे. कागदवाले बिचारे किती वर्षं एकेका टक्क्यासाठी घाम गाळतायत. काचवाल्यांचं तर घोडं पुढेच सरकत नाही. आणि कपबशांनी एका वर्षात अशी उडी मारली की आमचे साहेब खुर्चीतून उठून माझ्या टेबलापाशी आले.

आता खरी गंमत ऐक. कपबशांमध्ये पहिला कोण? दादाचा कारखाना, आणि बक्षीसही त्यालाच. दर बशीमागे इंधन जवळजवळ निम्म्यावर! मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले, कारण भावाचा कारखाना म्हटल्यावर बोट ठेवायला लोक टपलेले असतात. बक्षीस देणाऱ्या समितीत मी नाही, पण अहवालात कपबशांवरचं प्रकरण माझं आहे आणि त्यात दादाचा कारखाना आदर्श म्हणून देणार आहे. बाकीच्यांनी त्याच्याकडून शिकावं म्हणून.

दादाला फोन केला तर "बरं" एवढंच म्हणाला. बक्षीस मिळालेला माणूस असा बोलतो की दाढ काढून घेतलेला? तू तरी त्याच्या वाटचं हसून घे. ऊर्जा व्यवस्थापकाची बायको म्हणून समारंभाला पुढच्या रांगेत बसायचंय तुला.

तुझी,
छबू


१४ जानेवारी

वन्सं,

तू माझ्यापेक्षा लहान, आणि मी तुला एरवी छबूच म्हणते. आज वन्सं म्हणते आहे, म्हणजे काय ते समज. फोन करणार होते. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि इथे तुझा दादा कान टवकारून शेजारी बसलेला असतो. तेव्हा लिहूनच काढते.

तुझं पत्र वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. निम्मं इंधन वाचलं म्हणे! कुठे वाचलं ते सांगू?

बशी दोनदा भाजतात. पहिल्यांदा ती नुसती वाळलेली माती असते तेव्हा, आणि मग तिच्यावर चकाकीचा थर देऊन दुसऱ्यांदा. आमच्याकडे पहिल्या भाजणीला दुसरीपेक्षा जास्त इंधन लागतं. त्या पहिल्या भाजणीच्या विभागाची प्रमुख मी, हे तू विसरली नसशील. "वहिनीची नव्या कंपनीत बदली झाली, पगार तोच, मान मोठा," असं तुझ्या दादाने तुला सांगितलं ना? आता ती बदली कशी झाली ते ऐक.

गेल्या वर्षी एके दिवशी सकाळी कामावर गेले तर आवारात गवंडी. आमच्या भट्टीच्या आणि दुसऱ्या भट्टीच्या मधोमध दोरी लावून उभे. आठवड्यात भिंत उभी राहिली. आमच्या बाजूला मागच्या रस्त्यावर नवं फाटक पाडलं, फाटकावर नवी पाटी लावली, पाटीवर मालकांच्या मेव्हण्याच्या कंपनीचं नाव. आम्हा सगळ्यांच्या गळ्यात नवी ओळखपत्रं अडकवली. झाली बदली! भट्टी जागची हलली नाही. आम्ही जागचे हललो नाही. भाजलेल्या बशांच्या गाड्या ज्या रुळांवरून दुसऱ्या विभागात जायच्या, त्याच रुळांवरून आजही जातात. गाडीपुरतं भिंतीला खाली बुटकं भोक ठेवलंय.

आता आमचं इंधन मेव्हण्याच्या नावावर जळतं आणि बशी मोजली जाते मालकांच्या नावावर. हे तुमचं वाचवणं. या भिंतीला सिमेंट किती लागलं ते तुझ्या सिमेंटवाल्यांना कळव, त्यांना तेवढंच बरं वाटेल.

आणि मला पुढच्या रांगेत बसवतेस? माझ्याच भट्टीला नाहीशी केल्याबद्दल टाळ्या वाजवायला?

वहिनी


२० जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझा राग मी समजू शकते. इतकी वर्षं मोठ्या कारखान्यात काढल्यावर अचानक मागच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये जाणं कुणालाही लागेल. पण रागाच्या भरात तू दादावर अन्याय करते आहेस. कामाचा एखादा भाग दुसऱ्या कंपनीकडे सोपवणं यात चोरी नाही, जगभर सगळे तेच करतात. आम्ही जो तो कारखाना त्याच्या त्याच्या फाटकाच्या आत मोजतो. तुमची शेडही मोजतोच, लहान कारखान्यांच्या यादीत. कुणाला नाहीसं वगैरे केलेलं नाही.

शिवाय दादाने खरंच काम केलंय. दुसऱ्या भट्टीतून वाया जाणारी गरम हवा नळ्यांनी वाळवणीच्या खोलीत नेली, तिथला वेगळा जाळ बंद केला. हे तरी भिंतीने केलं नाही ना?

आता एक गोष्ट तुझ्या भल्यासाठी सांगते, बाहेर बोलू नकोस. एक एप्रिलपासून आमच्या आकड्यांवरून सरकारची नवी मर्यादा लागू होणार आहे. बशीच्या एकेका भाजणीमागे ठरलेल्यापेक्षा जास्त इंधन जाळणाऱ्या कारखान्यांचा इंधनपुरवठा बंद होईल. यादी काल पाहिली. तुमची शेड मर्यादेच्या बरीच वर आहे. मी दचकलेच. भट्टी जुनी आहे, कबूल, पण एवढं इंधन जातं कुठे? मेव्हण्यांना सांगून आतल्या विटा बदलून घ्या आणि सगळ्यांनी थोडी शिस्त पाळा. अजून दोन महिने हातात आहेत.

दादाशी भांडू नकोस गं. तो आधीच कमी बोलतो.

तुझी,
छबू


२५ जानेवारी

वन्सं,

शिस्त! हा शब्द तू कागदावर लिहिलास, समोर बोलली असतीस तर कपबशा फुटल्या असत्या, आणि त्या आमच्याकडे भरपूर आहेत.

आमची भट्टी म्हणजे लांबलचक बोगदा आहे. एका तोंडाने बशांनी भरलेली गाडी आत ढकलायची, ती पुढच्या गाड्यांना रेटत रेटत जाते आणि दुसऱ्या तोंडाने भाजलेली गाडी बाहेर पडते. ही भट्टी बंद करायची नसते. थंड केली तर विटा तडकतात, आणि पुन्हा तापवायची तर हळूहळू, आठवड्याच्या वर जातो. म्हणून माल नसला तरी गाड्या ढकलत राहायच्या. रिकाम्या. छबू, आम्ही रिकाम्या गाड्या भाजतो! तू विचारलंस ना इंधन जातं कुठे, ते तिथे जातं.

भिंतीच्या आधी असं क्वचित व्हायचं. दोन्ही विभागांचे प्रमुख एका टेबलाशी बसून आठवड्याचा माल ठरवायचे, कारण रिकामी गाडी भाजली तर सगळ्यांनाच ती लागायची. आता रिकाम्या गाडीचं इंधन भिंतीच्या अलीकडे जळतं, मग पलीकडच्यांना काय पडलंय? मनात आलं की कच्च्या बशांचा ढीग पाठवतात, मनात नसलं की चार-चार दिवस काही नाही. पण फोन आला की माल लगेच हवा. "भट्टी गरम ठेवा," हा त्यांचा हुकूम. आम्ही गरम ठेवतो. मग तुम्ही वरून आम्हाला उधळे म्हणता आणि त्यांना बक्षीस देता. त्यांचा कारखाना नेमका इतका छान चालतो, कारण त्यांची सगळी ओढाताण आम्ही सोसतो.

एक एप्रिलचं मी कुणाला सांगणार नव्हते. पण गाड्या भरणाऱ्या मावशींना काहीतरी कुणकुण लागलीच. त्यांनी विचारलं, "खरं सांगा बाई, आपलं बंद होणार का?" मी वहीत डोकं घातलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे होणार. भिंत बांधली तेव्हाच मी म्हटलं होतं, घरात मधे भिंत घालतात ती वाटणी करायला, आणि वाटणीत धाकट्याच्या तोंडाला पानं पुसतात." तीसेक माणसं आहोत आम्ही. त्यातल्या निम्म्या बायका, बहुतेकींचं घर एकटीच्या पगारावर. मालक बाहेरगावाहून पहिली भाजणी झालेल्या बशा विकत आणायची बोलणी करतायत, हेही कानावर आलंय. म्हणजे एप्रिलमध्ये आम्ही बंद पडलो की त्यांचं काही अडणार नाही. आम्हाला बंद पाडायला त्यांना बोटही उचलावं लागणार नाही, ते काम तुझं प्रकरण करणार.

नळ्यांचं म्हणशील तर तुझ्या दादाचं ते काम चांगलं आहे, मी स्वतः त्याचं कौतुक केलंय. भिंतीची कल्पनाही त्याची नव्हे, मालकांची. पण आकडे पाठवताना सही त्याची होती, आणि तेव्हा तो मूग गिळून बसला. ते मला खुपतं.

हिंमत असेल तर येऊन बघ.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वन्सं,

आली होतीस असं कळलं. पुढच्या फाटकाने आलीस, मालकांच्या खोलीत चहा घेतलास, पुढच्या फाटकाने गेलीस. हे मला रखवालदाराने सांगितलं. माझ्या घरापासून फाटक किती लांब आहे ते तुला ठाऊक आहे. परक्या माणसानेसुद्धा दारावरून जाताना हाक मारली असती. मी मात्र तपासणीची तारीख कळल्यावर तू येशील म्हणून रजा टाकून दिवसभर दाराकडे बघत बसले होते.

जास्त लिहीत नाही.


१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं चार ओळींचं पत्र मला फार लागलं. माझं ऐकून तरी घे.

तपासणीला गेल्यावर नातेवाइकांकडे उतरायचं नाही, त्यांच्याकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. माझ्याबरोबर संस्थेचा आणखी एक माणूस होता. मी तुझ्याकडे आले असते तर पुढे मी जे काही लिहीन त्यावर "वहिनीने पढवलं" असा शिक्का बसला असता. मला तो नको होता, कारण मला खरंच काहीतरी लिहायचं होतं.

दादा आम्हाला कारखाना दाखवत होता. नळ्यांपाशी तो केवढा खुलला! कुठला बाक कुठे दिला, कुठे पत्रा बदलला, सगळं हात हलवून हलवून सांगत होता. लहानपणी सायकल दुरुस्त करून दाखवायचा तसा. मग दुसऱ्या भट्टीपाशी आलो आणि तो एकदम भराभर चालायला लागला. "इकडे काही नाही, इकडे काही नाही," म्हणत. मी मुद्दाम मागे राहिले. खाली पाहिलं तर रूळ भिंतीखाली शिरत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून एक गाडी घरंगळत आली, वर काहीच नाही. नुसती तापलेली गाडी. मी हात पुढे केला तर धग लागली. "ही कुठून आली?" मी विचारलं. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुरवठादाराकडून." आपल्याच बायकोला पुरवठादार म्हणाला गं तो.

परतताना सबंध वाटेत मी धुमसत होते. माझ्या प्रकरणात काय लिहिलंय मी? "तंत्रज्ञानातील सुधारणेमुळे." एका भिंतीला मी तंत्रज्ञान म्हटलं! मग बाकीचे कारखानेही काढून पाहिले. कपबशांच्या उद्योगात ज्यांनी ज्यांनी मोठी उडी मारली, त्यांतल्या बहुतेकांनी पहिली भाजणी फाटकाबाहेर काढलेली आहे. उद्योगाने काही वाचवलेलंच नाही, नुसतं इकडचं तिकडे केलंय. आणि मी कागदवाल्यांना हसत होते. ते प्रामाणिकपणे एकेक टक्का मिळवतायत आणि त्यांना आम्ही आळशी म्हणतोय.

मी प्रकरण नव्याने लिहिते आहे. भिंतीच्या दोन्ही बाजू एकत्र धरून. एक महत्त्वाचं सांगते, दोन्ही भाजण्या मिळून एकच कारखाना धरला तर सरासरीने तुम्ही नव्या मर्यादेच्या आत बसता. आरामात नाही, पण बसता. म्हणजे शेड बंद पडणार नाही. दादाचं बक्षीस मात्र जाईल.

त्याला हे तू सांगू नकोस, वेळ आली की मीच सांगेन.

तुझी,
छबू


१९ फेब्रुवारी

प्रिय छबू,

वन्सं मागे घेतलं. तुझ्या नियमाचं मला माहीत नव्हतं. तरी फाटकातून जाताना नुसता हात हलवला असतास तर नियमाचं काय बिघडलं असतं, हे मी पुढच्या भेटीत भांडायला राखून ठेवते.

पुरवठादार! हे मात्र तू सांगितलंस ते बरं केलंस. परवा तुझ्या दादाने चहा मागितला तेव्हा मी म्हटलं, "पुरवठादाराकडे मागणी नोंदवा." त्याला कळलं तुझ्याकडून आलंय ते. मग स्वतः उठून चहा केला, मलाही दिला, आणि कप खाली ठेवताना म्हणाला, "तिथे दुसरा माणूस होता बरोबर. मी काय म्हणणार होतो?" मी म्हटलं, "खरं म्हणायचं होतं." तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. छबू, माझा नवरा वाईट नाही. वाईट असता तर मला एवढा संताप आला नसता. पण मालक म्हणतील तिथे मान हलवायची त्याला अशी सवय झालीय की आता खरं बोलायची वेळ आली तरी मान आपोआप हलते.

मावशींना मी सांगितलं की वर कुणीतरी आपली बाजू लिहितंय. नाव सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "लिहू दे. वाचणारा कोण आहे ते आधी बघा."

वहिनी


६ मार्च

प्रिय वहिनी,

मावशींना सांग, वाचणारा नाही.

नवं प्रकरण मी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बाई, आपण फाटकाच्या आत मोजतो." मी म्हटलं, "फाटकच हलवलंय त्यांनी." ते म्हणाले, "मग हललेल्या फाटकाच्या आत मोजायचं." मी रुळांचं सांगितलं, रिकाम्या गाड्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "उद्योग पहिला आल्याचं आपण जाहीर करून बसलोय. आता तो पहिला नाही असं सांगायचं म्हणजे आपलं हसं होईल." मी एवढी चिडले की माझा आवाज बाहेरच्या खोलीत गेला. कुणीतरी दार लावून घेतलं.

शेवटी जुनंच प्रकरण छापायचं ठरलं. माझ्या नव्या हिशेबातली एक ओळ तळटीप म्हणून चालेल म्हणाले, बारीक टायपात. मी म्हटलं, तळटिपेत तीस माणसं मावत नाहीत. तर म्हणाले, भावनेच्या आहारी जाऊ नका. स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडी काढतात आणि मला इंधन वाचवायला शिकवतात!

दाराशी गेल्यावर मात्र ते एक बोलले, ते तुला कळवते. नियमात एकच वाट आहे. कारखान्याने स्वतः लिहून दिलं की अमुक विभाग आमचाच आहे, तर आम्हाला तो धरावाच लागतो, छपाई थांबवूनसुद्धा. "पण कोणता मालक असं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल?" असं म्हणून ते हसले. ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाही.

मी हरले, वहिनी. तुमच्यापैकी कुणाला दुसरीकडे काम मिळत असेल तर आताच बघायला सांग.

छबू


२७ मार्च

प्रिय छबू,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण हात रिकामे नव्हते. खरं तर हात रिकामेच होते, तेच सांगायचंय.

तुझं पत्र मी शेडमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझ्या साहेबांच्या हसण्यापर्यंत सगळं. मग मावशी म्हणाल्या, "आपण वेगळी कंपनी आहोत ना? मग वेगळ्यासारखं वागू या की." त्यांना काय म्हणायचंय ते मला चटकन कळलं.

गेल्या आठवड्यात पलीकडून नेहमीप्रमाणे माल आला नाही. भरलेल्या गाड्या संपल्या. रिकामी गाडी ढकलायची वेळ झाली. आम्ही ढकलली नाही. जाळ कमी करत करत आणला आणि बंद केला. विटांना धक्का लागू नये म्हणून जितकं हळू करता येईल तितकं हळू. संप नाही, घोषणा नाही. माल नाही म्हणून भट्टी बंद, इंधनाची बचत. तुझ्या शब्दात सांगायचं तर आम्ही शिस्त पाळली.

भट्टी निवताना बघणं सोपं नव्हतं गं. तिथे इतकी वर्षं काम केलं, पण ती गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. एकजण बाहेर जाऊन रडून आली. मीही डोळे पुसले. मग राग आला, की हे आम्हाला का करावं लागतंय.

चौथ्या दिवशी फोन. मोठी मागणी आलीय, कच्च्या बशा पाठवतोय, उद्या भाजून हव्यात. मी म्हटलं, पाठवा, आठवड्याने भाजायला लागू. पलीकडचा माणूस आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग मेव्हणे आले, ओरडले, मग गयावया करायला लागले. मी म्हटलं, "तुमची कंपनी वाचवतेय मी. एक एप्रिलला इंधन जास्त जाळलं म्हणून बंद होणार होती ना?" ते तोंड उघडं ठेवून निघून गेले. बाहेरगावच्या बशांचा सौदा अजून ठरलेला नाही, म्हणून पलीकडचा कारखाना ठप्प. रुळांवर कच्च्या मालाच्या गाड्या भिंतीपर्यंत तुंबल्यात.

काल मालकांनी तुझ्या दादाला पाठवलं. रस्त्याने वळसा घालून यायला त्याला वेळ नसावा. तो भिंतीच्या भोकातून वाकून, जवळजवळ रांगत आमच्याकडे आला. उभा राहून गुडघे झटकले. आम्ही सगळे समोर.

मावशी म्हणाल्या, "साहेब, डोक्याला लागलं नाही ना? भोक जरा लहान ठेवलंय तुम्ही."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भट्टी पेटवा."

मी म्हटलं, "कुणाची भट्टी?"

"हे काय विचारणं झालं?"

"विचारणंच आहे. बाहेरच्या कंपनीची असेल तर तुम्ही गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने हुकूम सोडायचा नसतो, सवडीने मिळेल तेव्हा माल न्यायचा असतो. कारखान्याची असेल तर हुकूम करा, आत्ता पेटवते. पण मग तसं लिहून द्या."

मी तुझ्या पत्रातल्या वाटेप्रमाणे मजकूर लिहूनच ठेवला होता, की पहिली भाजणी हा कारखान्याचाच विभाग आहे आणि तिथली माणसं कारखान्याचीच आहेत. खाली दोन सह्यांची जागा, मालकांची आणि त्याची. त्याने उभ्या उभ्या वाचलं. "हे गेलं तर माझं काय होईल, कळतंय तुला?" एवढंच हळूच म्हणाला, सगळ्यांदेखत, नवऱ्यासारखा. मला गलबलून आलं. पण मी म्हटलं, "नाही गेलं तर या सगळ्यांचं काय होईल, ते तुम्हाला कळतंय ना?"

त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि आला तसाच वाकून परत गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. आज सकाळी माझ्या आधी घर सोडून गेला.

भट्टी थंड आहे. एक एप्रिलला चार दिवस राहिलेत. तुझ्या भावाने आयुष्यात एकदा तरी मान न हलवता तोंड उघडावं, नाहीतर मी त्याच्याशी कुठल्या तोंडाने बोलू ते मला समजत नाही.

वहिनी


३० मार्च

प्रिय छबू,

मी तुला कधी पत्र लिहिलेलं आठवत नाही. चुकलं तर संभाळून घे.

हे पत्र माणसाबरोबर पाठवतोय, सोबतचा कागद एक तारखेच्या आत तुझ्या साहेबांना दे. त्यावर मालकांची सही आहे आणि माझी आहे. माझी आधी केली आणि मग मालकांपुढे ठेवला. त्यांनी मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. तासभर ऐकून घेतलं. पण मागणी मोठी होती आणि माल रुळांवर अडकला होता, म्हणून त्यांनाही सही करावी लागली. भट्टी आज सकाळी तुझ्या वहिनीने पेटवली. बक्षीस नको असल्याचं मी समितीला वेगळं कळवलंय. माझी जागा राहील की नाही, ते मालक पुढच्या महिन्यात सांगणार आहेत.

तुम्ही दोघींनी मिळून मला कोपऱ्यात गाठलं, याचा मला राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल. तुझी वहिनी काल घरी आली तेव्हा "मी म्हणत होते ना" असं म्हणाली नाही. ते म्हणाली असती तर बरं झालं असतं. सरळ जेवायला वाढलं आणि शेजारी बसली.

पण मला तुझ्यावर आणि तुझ्या संस्थेवर त्याहून जास्त राग आहे, तो सांगतो. गरम हवेच्या नळ्या बसवायला मिळाव्यात म्हणून मी तीन वर्षं मालकांच्या मागे होतो. भर उन्हाळ्यात भट्टीच्या डोक्यावर चढून, एकेक जोड स्वतः तपासून त्या बसवल्या. तेव्हा तुमच्यापैकी कुणी विचारायलाही आलं नाही. भिंत बांधली तर सगळे आले, फुलं घेऊन. बक्षीस जाहीर झालं त्या दिवशी तू फोन केलास आणि मी "बरं" म्हणालो, तेव्हा मला ओरडायचं होतं की अगं, ते माझं काम नव्हे, माझं काम दुसरं आहे. ओरडलो नाही, ती चूक माझी.

आता आकडा. दोन्ही भाजण्या धरून मी काल बसून पुन्हा काढलाय. मर्यादेच्या आत आहे, शेडला धोका नाही. नळ्यांनी शेकडा दहा वाचवले होते. त्यातले सात भिंतीमुळे रिकाम्या गाड्यांत गेले. उरले तीन. तुझ्या अहवालात आमचा कारखाना आता तळाशी कुठेतरी जाईल, जाऊ दे. फक्त छापताना आकडे सोपे करायच्या नादात ते तीन टक्के काढून टाकू नका.

ते तीन माझे आहेत.

दादा